हर्मान मायर : गवंडीकामापासून जगज्जेतेपदापर्यंत

ऑस्ट्रियाचे स्कीइंगपटू हर्मान मायर यांनी १९९६ ते २००९ या काळात विश्वचषक मालिकेतील ५४ शर्यती जिंकल्या. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णांसह चार पदके मिळवली, तर जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत तीन सुवर्णांसह सहा पदके पटकावली. बर्फाच्छादित डोंगरउतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येणाऱ्या खेळाडूंमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

मात्र मायर यांच्या कारकिर्दीचे महत्त्व केवळ पदकांच्या संख्येत नाही. हे शरीर या खेळाला पुरे पडणार नाही, असे त्यांच्याबाबत दोनदा मानले गेले. पहिल्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते आणि त्यांची शरीरयष्टी किरकोळ होती. दुसऱ्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांचा उजवा पाय वाचेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. दोन्ही वेळा ते परतले. दोन्ही वेळा हे परतणे सावकाश, कष्टाने आणि लोकांच्या नजरेआड घडले.

खेळाचे स्वरूप

डोंगरउतारावरील स्कीइंगला आल्पाइन स्कीइंग म्हणतात. युरोपातील आल्प्स पर्वतावरून हे नाव पडले. या खेळात प्रामुख्याने चार प्रकारच्या शर्यती होतात. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या शर्यतींत जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत खाली यावे लागते. त्यांत वेगापेक्षा वळण्याच्या कौशल्याला अधिक महत्त्व असते आणि दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून निकाल ठरतो.

डाउनहिल ही सर्वांत वेगवान शर्यत होय. पुरुषांच्या डाउनहिलमध्ये प्रारंभस्थान आणि अंतिम रेषा यांच्या उंचीत साधारणतः ८०० ते ११०० मीटरचा फरक असतो. हे अंतर खेळाडू दीड ते अडीच मिनिटांत कापतात. फेरी एकच असते, त्यामुळे चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळत नाही. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते आणि अनेकदा पहिल्या तिघांतील अंतर डोळ्याची पापणी लवण्याइतकेही नसते.

सुपर जायंट स्लॅलम, अर्थात सुपर-जी, हा डाउनहिल आणि जायंट स्लॅलम यांच्या मधला प्रकार आहे. १९८८ च्या कॅलगरी ऑलिम्पिकपासून त्याचा ऑलिम्पिकमध्ये समावेश झाला. डाउनहिलपूर्वी खेळाडूंना त्याच मार्गावर सरावाच्या फेऱ्या मिळतात. सुपर-जीमध्ये ती सोय नसते. खेळाडूला सकाळी मार्ग केवळ पाहता येतो आणि त्यानंतर थेट शर्यतीत उतरावे लागते. वेग आणि तत्काळ निर्णय या दोहोंची कसोटी पाहणारा हाच प्रकार पुढे मायर यांचा बालेकिल्ला ठरला.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची विश्वचषक मालिका दर हिवाळ्यात वेगवेगळ्या देशांतील डोंगरांवर होते. १९९१-९२ च्या हंगामापासून प्रत्येक शर्यतीत विजेत्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० आणि अशा उतरत्या क्रमाने तिसाव्या खेळाडूपर्यंत गुण दिले जातात. हंगामाअखेर सर्व प्रकारांत मिळून सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू सर्वंकष विजेता ठरतो. त्याला स्फटिकाचा मोठा गोल देऊन गौरवण्यात येते. प्रत्येक प्रकारातील विजेत्याला स्फटिकाचा लहान गोल मिळतो.

हा खेळ जिवावर बेतणारा आहे. ऑस्ट्रियाच्या विश्वविजेत्या खेळाडू उलरिके मायर यांचा २९ जानेवारी १९९४ रोजी जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे डाउनहिल शर्यतीत मृत्यू झाला. आडनाव सारखे असले तरी त्यांचे हर्मान मायर यांच्याशी नाते नव्हते. स्वित्झर्लंडचे सिल्व्हानो बेल्त्रामेत्ती डिसेंबर २००१ मध्ये फ्रान्समधील वाल दिझेर येथे संरक्षक जाळी भेदून बाहेर फेकले गेले आणि त्यांचे कंबरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. हर्मान मायर यांच्या कारकिर्दीकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

फ्लाखाऊचा मुलगा

हर्मान मायर यांचा जन्म ७ डिसेंबर १९७२ रोजी ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतातील आल्टेनमार्क्ट येथे झाला. त्यांचे बालपण जवळच्याच फ्लाखाऊ या गावी गेले. तेथे त्यांच्या आईवडिलांची स्कीइंगची शाळा होती. चालायला लागल्यानंतर लवकरच मूल स्कीवर उभे राहते, असा हा प्रदेश. हर्मान यांनीही बालवयातच बर्फावरून घसरण्यास सुरुवात केली.

ऑस्ट्रियात स्कीइंग हा राष्ट्रीय जीवनाचा भाग आहे. १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकणारे टोनी झाइलर आणि १९७६ मध्ये इन्सब्रुक येथे डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकणारे फ्रान्झ क्लामर यांची नावे तेथे घरोघरी घेतली जातात. भारतीय वाचकांच्या दृष्टीने इन्सब्रुकचे आणखी एक महत्त्व आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे पहिले प्रतिनिधित्व १९६४ साली याच शहरात, जेरेमी बुजाकोव्स्की यांनी, आल्पाइन स्कीइंगमध्येच केले होते.

ज्या देशात एखादा खेळ इतका रुजलेला असतो, तेथे निवडीची चाळणीही तितकीच बारीक असते. पंधराव्या वर्षी हर्मान यांना श्लाडमिंग येथील स्कीइंगच्या प्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला. मात्र वयाच्या मानाने त्यांची उंची आणि वजन कमी होते, गुडघेही दुखत असत. मोठ्या वेगाचा भार हे शरीर पेलणार नाही, असे ठरले आणि त्यांना संस्था सोडून घरी परतावे लागले.

ऑस्ट्रियात राष्ट्रीय संघाकडे जाणारी वाट अशा संस्थांमधूनच जात असे. ती वाट बंद झाल्यावर बहुतेक मुले खेळ सोडून देत. हर्मान यांनी गवंडीकाम शिकण्यास प्रारंभ केला. उन्हाळ्यात विटा आणि सिमेंटची पोती वाहायची, भिंती बांधायच्या. हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्कीइंग शिकवायचे, असा त्यांचा क्रम पुढे काही वर्षे चालू होता. फावल्या वेळात ते स्थानिक शर्यतींत भाग घेत आणि त्या जिंकतही. परंतु या विजयांकडे राष्ट्रीय संघाच्या निवडकर्त्यांचे लक्ष जात नव्हते.

या वर्षांत त्यांचे शरीर बदलले. किरकोळ मुलाचा रुंद खांद्यांचा, बळकट पायांचा तरुण झाला. पंधराव्या वर्षी काढलेला निष्कर्ष विसाव्या वर्षी खोटा ठरला होता, पण तो तपासून पाहणारे कोणी नव्हते.

शर्यतीआधीची धाव

ही संधी त्यांना त्यांच्याच गावी मिळाली. जानेवारी १९९६ मध्ये विश्वचषक मालिकेतील जायंट स्लॅलमची शर्यत फ्लाखाऊ येथे होणार होती. मुख्य शर्यत सुरू होण्यापूर्वी मार्ग सुरक्षित आहे की नाही, घड्याळे नीट चालतात की नाही, हे पाहण्यासाठी काही स्थानिक खेळाडूंना त्या मार्गावरून सोडले जाते. त्यांची वेळ निकालात धरली जात नाही. तेवीस वर्षांचे हर्मान मायर यांना अशाच एका पूर्वधावकाचे काम देण्यात आले.

त्यांनी नोंदवलेली वेळ पाहून प्रशिक्षक चकित झाले. ते अधिकृत स्पर्धक असते, तर त्या वेळेच्या आधारे त्यांना बारावा क्रमांक मिळाला असता. जगातील सर्वोत्तम खेळाडूंमध्ये बारावा येऊ शकणारा माणूस गावात भिंती बांधत होता. त्यानंतर राष्ट्रीय संघाचे दार उघडण्यास वेळ लागला नाही. १० फेब्रुवारी १९९६ रोजी ऑस्ट्रियातीलच हिंटरश्टोडर येथे त्यांनी विश्वचषक मालिकेत पदार्पण केले.

पुढच्याच हंगामात, २३ फेब्रुवारी १९९७ रोजी, गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील सुपर-जी शर्यत जिंकून त्यांनी विश्वचषकातील पहिला विजय नोंदवला. त्यांचे समवयस्क खेळाडू तोपर्यंत अनेक हंगाम खेळलेले होते. मायर यांच्यासाठी चोविसावे वर्ष हे कारकिर्दीच्या प्रारंभाचे वर्ष होते. उशिरा मिळालेल्या संधीची घाई त्यांच्या स्कीइंगमध्ये दिसत असे. इतर खेळाडू ज्या वळणावर वेग आवरत, तेथे ते सरळ रेषेच्या अधिक जवळून जात. ही पद्धत त्यांना विजय मिळवून देई आणि कधी कधी जमिनीवरही आणी.

नागानो, १९९८

१९९७-९८ च्या हंगामात मायर यांनी विजयांचा धडाका लावला आणि जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिम्पिकला ते प्रमुख दावेदार म्हणून गेले. भारताचे शिवा केशवन यांनी ल्यूज या प्रकारात प्रथमच सहभाग घेतला, ते हेच ऑलिम्पिक.

१३ फेब्रुवारी १९९८ रोजी हाकुबा येथे पुरुषांची डाउनहिल शर्यत झाली. प्रारंभानंतर थोड्याच वेळात एका अवघड वळणावर मायर यांचा वेग त्या वळणाला न पेलणारा ठरला. ते हवेत उंच उडाले, शरीर आडवे झाले आणि डोके खाली अशा स्थितीत ते बर्फावर आदळले. तेथून गडगडत त्यांनी संरक्षक जाळ्यांच्या दोन रांगा मोडल्या आणि पलीकडच्या मऊ बर्फात ते थांबले. हवेत आडव्या झालेल्या मायर यांचे छायाचित्र जगभरातील वृत्तपत्रांनी छापले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहणाऱ्या अनेकांना हा खेळाडू वाचला असेल, असे वाटले नाही.

काही क्षणांनी मायर उठून उभे राहिले. त्यांच्या खांद्याला आणि गुडघ्याला मार लागला होता, पण हाड मोडलेले नव्हते. त्या शर्यतीचे सुवर्णपदक फ्रान्सचे जाँ-ल्यूक क्रेतिए यांनी पटकावले.

पुढची सुपर-जी शर्यत लगेच होणार होती. मात्र खराब हवामानामुळे ती पुढे ढकलण्यात आली आणि मायर यांना सावरण्यासाठी थोडा अवधी मिळाला. १६ फेब्रुवारी रोजी, अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, ते पुन्हा प्रारंभस्थानी उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी ०.६१ सेकंदाच्या फरकाने सुवर्णपदक जिंकले. स्वित्झर्लंडचे दिदिए क्यूश आणि ऑस्ट्रियाचे हान्स क्नाउस यांना समान वेळेमुळे रौप्यपदक विभागून देण्यात आले. १९ फेब्रुवारी रोजी मायर यांनी जायंट स्लॅलमचेही सुवर्णपदक जिंकले. यावेळी त्यांचे संघसहकारी श्टेफान एबरहार्टर दुसरे आले.

मूळच्या ऑस्ट्रियाच्या असलेल्या अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या चित्रपटातील अविनाशी यंत्रमानवावरून मायर यांना ‘हर्मिनेटर’ असे नाव पडले होते. नागानोनंतर ते जगभर पसरले. पडलेला माणूस तीन दिवसांत उठून जिंकतो, ही गोष्ट कोणालाही सहज सांगता येण्याजोगी होती.

शिखराची वर्षे

१९९८ मध्ये मायर यांनी विश्वचषकाचे सर्वंकष विजेतेपद प्रथमच मिळवले. १९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील व्हेल आणि बीव्हर क्रीक येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी डाउनहिल आणि सुपर-जी या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके जिंकली. सुपर-जीमध्ये त्यांची आणि नॉर्वेचे लासे श्यूस यांची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी भरली व सुवर्णपदक दोघांना देण्यात आले. त्या हंगामाचे सर्वंकष विजेतेपद मात्र श्यूस यांच्याकडे गेले.

१९९९-२००० च्या हंगामात मायर यांनी बरोबर २००० गुण मिळवून विक्रम केला. सर्वंकष विजेतेपदाबरोबरच डाउनहिल, सुपर-जी आणि जायंट स्लॅलम या तिन्ही प्रकारांची विजेतेपदे त्यांनी त्या वर्षी आपल्याकडे ठेवली. पुरुषांमधील हा गुणांचा विक्रम पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकला. स्वित्झर्लंडचे मार्को ओडरमाट यांनी २०२२-२३ मध्ये २०४२ गुण मिळवून तो मोडला.

२०००-०१ च्या हंगामात मायर यांनी १३ शर्यती जिंकल्या आणि स्वीडनचे इंगेमार स्टेनमार्क यांच्या १९७८-७९ मधील विक्रमाची बरोबरी केली. चारही विजेतेपदे पुन्हा त्यांच्याकडेच आली.

याच हंगामात त्यांनी कित्सब्यूल येथील डाउनहिल जिंकली. ऑस्ट्रियातील या गावचा ‘श्ट्राइफ’ हा मार्ग जगातील सर्वांत अवघड समजला जातो. त्याची लांबी ३३१२ मीटर असून काही ठिकाणी उतार ८५ टक्क्यांपर्यंत तीव्र आहे. सुरुवातीच्या काही सेकंदांतच ‘उंदराचा सापळा’ या अर्थाचे नाव असलेल्या कड्यावरून खेळाडू हवेत फेकला जातो. ऑस्ट्रियात या एका शर्यतीच्या विजयाला ऑलिम्पिक पदकाच्या तोडीचा मान आहे.

या वर्षांतील त्यांच्या वर्चस्वामागे शारीरिक तयारीचा मोठा वाटा होता. उन्हाळ्यात ते व्यायामाच्या सायकलवर दीर्घकाळ सराव करीत. श्रमामुळे रक्तात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे प्रमाण तपासून या व्यायामाची मात्रा ठरवली जाई. डाउनहिलच्या अखेरच्या टप्प्यात पायांचे स्नायू जड होतात आणि खेळाडू शरीराची झुकलेली अवस्था टिकवू शकत नाहीत. तेथेच मायर इतरांना मागे टाकीत. गवंडीकामाच्या काळात अंगी मुरलेली कष्टाची सवय आता शास्त्रशुद्ध सरावाच्या उपयोगी पडत होती.

२४ ऑगस्ट २००१

अठ्ठावीस वर्षांचे मायर यांच्यासमोर २००२ चे सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिक होते. २४ ऑगस्ट २००१ रोजी सायंकाळी सराव आटोपून ते मोटारसायकलवरून घरी परतत होते. राडश्टाट या गावाजवळ एका मोटारीशी त्यांची धडक झाली. बर्फावरील वेगाने जे केले नव्हते, ते घराजवळच्या साध्या रस्त्याने केले. त्यांच्या उजव्या पायाच्या नडगीच्या भागातील हाडांचा चुरा झाला व जखम उघडी पडली.

पाय कापावा लागेल, अशी भीती डॉक्टरांना होती. अनेक तास चाललेल्या शस्त्रक्रियेनंतर पाय वाचला. हाड जोडण्यासाठी आत टायटॅनियमची सळई बसवण्यात आली. त्यानंतरचा प्रश्न ते पुन्हा स्कीइंग करतील का, हा नव्हता. ते कुबड्यांशिवाय चालतील का, हा होता.

स्कीइंगच्या दृष्टीने ही दुखापत विशेष गंभीर होती. स्कीचा बूट घोट्यापासून नडगीच्या मध्यापर्यंत पाय घट्ट आवळून धरतो. वळताना खेळाडू नडगीनेच बुटावर दाब देतो आणि तो दाब स्कीच्या कडेपर्यंत पोहोचतो. मायर यांचा पाय नेमका याच भागात मोडला होता.

२००१-०२ चा संपूर्ण हंगाम त्यांना गमवावा लागला. सॉल्ट लेक सिटी येथील शर्यती त्यांच्याविना झाल्या. २००२ आणि २००३ या दोन्ही वर्षांचे सर्वंकष विजेतेपद एबरहार्टर यांनी मिळवले. मायर अनेक महिने त्याच जुन्या साधनाकडे, व्यायामाच्या सायकलकडे, वळले होते. नागानोच्या पुनरागमनाला तीन दिवस लागले होते. या वेळी जवळपास सतरा महिने लागले.

पुन्हा प्रारंभस्थानी

जानेवारी २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन येथील जायंट स्लॅलममध्ये मायर यांनी पुनरागमन केले. पहिल्या फेरीतील आघाडीच्या तीस खेळाडूंनाच दुसऱ्या फेरीत स्थान मिळते. त्या तिसांत ते येऊ शकले नाहीत. एके काळी हंगामात तेरा शर्यती जिंकणारा खेळाडू निम्म्या वाटेवरच थांबला. तरीही पाय वेगाचा भार सहन करीत होता, हीच त्या दिवसाची कमाई होती.

त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २७ जानेवारी २००३ रोजी, कित्सब्यूल येथे सुपर-जी शर्यत झाली. मायर यांनी ती जिंकली. टायटॅनियमची सळई घातलेल्या पायाने, देशबांधवांच्या साक्षीने, ऑस्ट्रियातील सर्वांत मानाच्या डोंगरावर मिळवलेला हा विजय होता. वेळफलकावर आपल्या नावापुढे पहिला क्रमांक पाहिल्यावर मायर यांना अश्रू आवरले नाहीत. ज्याला लोक यंत्रमानवाच्या नावाने ओळखत होते, त्याचे हे रूप प्रेक्षकांना नवे होते.

फेब्रुवारी २००३ मध्ये सेंट मॉरित्झ येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी सुपर-जीचे रौप्यपदक मिळवले. अमेरिकेचे बोडी मिलर यांच्यासह ते विभागून देण्यात आले. सुवर्णपदक एबरहार्टर यांना मिळाले.

त्याच वर्षी ५ जुलै रोजी टूर डी फ्रान्स या सायकल शर्यतीच्या पॅरिसमधील उद्घाटनाच्या टप्प्यात मायर यांनी मुख्य स्पर्धकांपूर्वी निमंत्रित म्हणून तो मार्ग सायकलवरून पार केला. सात वर्षांपूर्वी फ्लाखाऊ येथे अनोळखी पूर्वधावक म्हणून धावलेला तरुण आता जगप्रसिद्ध पाहुणा म्हणून त्याच भूमिकेत होता.

२००३-०४ चा हंगाम त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल. अखेरच्या शर्यतींपर्यंत रंगलेल्या चुरशीत त्यांनी एबरहार्टर यांना मागे टाकून चौथ्यांदा सर्वंकष विजेतेपद पटकावले. सुपर-जीचे विजेतेपदही पाचव्यांदा त्यांच्याकडे आले. २००४ मध्ये त्यांना वर्षातील सर्वोत्तम पुनरागमनासाठीचा लॉरियस पुरस्कार देण्यात आला.

कारकिर्दीचा उत्तरार्ध

अपघातानंतरचे मायर पूर्वीसारखे राहिले नव्हते. दर आठवड्याला जिंकणारा खेळाडू आता निवडक प्रसंगी जिंकू लागला. उजव्या पायाची ताकद आणि संवेदना पूर्ववत झाली नव्हती. वळणे घेताना त्यांना नवे तंत्र अंगी बाणवावे लागले.

२००५ मध्ये इटलीतील बोर्मियो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी जायंट स्लॅलमचे सुवर्णपदक जिंकले. वेगापेक्षा वळणांची कसोटी पाहणारा हा प्रकार. सर्वाधिक ताण पायावर पडतो, त्या प्रकारात त्यांनी मिळवलेले हे यश जाणकारांनी विशेष मोलाचे मानले.

२००६ च्या तुरीन ऑलिम्पिकमधील स्कीइंग शर्यती सेस्त्रिएरे येथे झाल्या. आठ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या मायर यांनी सुपर-जीमध्ये रौप्यपदक मिळवले. नॉर्वेचे शेटिल आंद्रे आमोट यांनी त्यांना ०.१३ सेकंदाने मागे टाकले. जायंट स्लॅलममध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. त्या शर्यतीचे सुवर्णपदक ऑस्ट्रियाचेच बेंजामिन राइश यांनी जिंकले. तेहतिसाव्या वर्षी, मोडून जोडलेल्या पायाने मिळवलेली ही दोन पदके त्यांच्या चार ऑलिम्पिक पदकांपैकी निम्मी होत. ऑलिम्पिकमधील डाउनहिलचे पदक मात्र त्यांना कधीच लाभले नाही. ज्या शर्यतीतील पडण्याने ते जगाला परिचित झाले, ती शर्यत त्यांच्या पदकांच्या यादीत नाही.

जानेवारी २००६ नंतर विश्वचषकातील विजय त्यांना दीर्घकाळ हुलकावणी देत राहिला. जवळपास तीन वर्षांच्या खंडानंतर, ३० नोव्हेंबर २००८ रोजी, कॅनडातील लेक लुईझ येथे त्यांनी सुपर-जी शर्यत जिंकली. हा त्यांचा चौपन्नावा आणि अखेरचा विजय ठरला.

निवृत्ती

१३ ऑक्टोबर २००९ रोजी मायर यांनी निवृत्ती जाहीर केली. ते छत्तीस वर्षांचे होते. २०१० चे व्हँकुव्हर ऑलिम्पिक काही महिन्यांवर आले होते. तरीही, पायांवर चालत खेळाचा निरोप घेता येत असताना तो घ्यावा, हा निर्णय समजण्यास कठीण नव्हता.

निवृत्तीच्या वेळी विश्वचषकातील विजयांच्या संख्येत पुरुषांमध्ये त्यांच्या पुढे केवळ स्टेनमार्क होते. त्यांच्या नावावर ८६ विजय आहेत. पुढे ऑस्ट्रियाचे मार्सेल हिर्शर यांनी ६७ विजय मिळवून मायर यांना मागे टाकले. एका हंगामातील १३ विजयांच्या विक्रमाचीही हिर्शर यांनी २०१७-१८ मध्ये आणि ओडरमाट यांनी २०२२-२३ मध्ये बरोबरी केली. हिर्शर यांचे सर्व विजय मात्र प्रामुख्याने वळणांच्या शर्यतींतील होते. मायर यांच्या ५४ विजयांपैकी ३९ विजय डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या प्रकारांत आले.

निवृत्तीनंतर २०१०-११ च्या सुमारास मायर दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या ऑस्ट्रियाच्या एका पथकात सहभागी झाले. आमुंडसेन आणि स्कॉट यांच्या ऐतिहासिक शर्यतीच्या स्मरणार्थ दूरचित्रवाणीसाठी आयोजित केलेल्या या मोहिमेत ऑस्ट्रियाच्या पथकाने जर्मनीच्या पथकाआधी ध्रुव गाठला. बर्फ तोच होता. फरक इतकाच की, येथे उतार नव्हता आणि प्रत्येक पाऊल स्वतःच्या बळावर पुढे टाकायचे होते.

कारकिर्दीचे मोल

मायर यांची आठवण बहुधा नागानोच्या त्या छायाचित्रामुळे काढली जाते. ते स्वाभाविकही आहे. मात्र त्या तीन दिवसांत त्यांना उपयोगी पडले ते शरीर आधीच्या अनेक वर्षांत घडले होते, बांधकामांवर, गावच्या लहानसहान शर्यतींत, कोणी पाहत नसताना. २००३ मधील कित्सब्यूलच्या विजयाबाबतही हेच म्हणता येईल. तो विजय दीड मिनिटाचा होता. त्यामागे सतरा महिन्यांचा काळ होता, आणि त्या काळातील बहुतेक दिवशी उद्या काय होईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीतून निवडकर्त्यांसाठीही एक धडा मिळतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या उंची-वजनावरून त्याचे भवितव्य ठरवणारी व्यवस्था चुकू शकते. फ्लाखाऊची ती शर्यत गावात झाली नसती किंवा पूर्वधावक म्हणून दुसऱ्या कोणाला सोडले असते, तर ऑस्ट्रियाला हा विजेता कदाचित गवसलाच नसता. शतांश सेकंद मोजणाऱ्या या खेळात एका माणसाला ओळखण्यासाठी आठ वर्षे लागली.

कारकीर्द दृष्टिक्षेपात

- जन्म : ७ डिसेंबर १९७२, आल्टेनमार्क्ट, ऑस्ट्रिया.
- विश्वचषक पदार्पण : १० फेब्रुवारी १९९६, हिंटरश्टोडर.
- पहिला विजय : २३ फेब्रुवारी १९९७, गार्मिश-पार्टेनकिर्शेन, सुपर-जी.
- विश्वचषकातील विजय : एकूण ५४ (सुपर-जी २४, डाउनहिल १५, जायंट स्लॅलम १४, संयुक्त प्रकार १).
- सर्वंकष विजेतेपद : १९९८, २०००, २००१, २००४.
- प्रकारनिहाय विजेतेपदे : सुपर-जी ५, जायंट स्लॅलम ३, डाउनहिल २.
- ऑलिम्पिक : सुवर्ण २ (नागानो १९९८), रौप्य १ आणि कांस्य १ (तुरीन २००६).
- जागतिक अजिंक्यपद : सुवर्ण ३ (१९९९ मध्ये दोन, २००५ मध्ये एक), रौप्य २ (२००१, २००३), कांस्य १ (२००१).
- अखेरचा विजय : ३० नोव्हेंबर २००८, लेक लुईझ, सुपर-जी.
- निवृत्ती : १३ ऑक्टोबर २००९.